दूरध्वनीचे अडलेले गिऱ्हाईक

बाजारात जाऊन वस्तू मागते ते गिऱ्हाईक आणि कचेरीत जाऊन मागतो तो अर्जदार, असा भेद आपण व्यवहारात नकळत पाळीत असतो. गिऱ्हाईकाला दुकानदार 'या, बसा' म्हणतो. कारण समोर दुसरे दुकान आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. अर्जदाराला कारकून मान वर न करता 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगतो; कारण दुसरी कचेरी नाही, हेही दोघांना ठाऊक असते. हा कारकून काही निराळ्या मातीचा घडलेला नसतो. तोच संध्याकाळी मंडईत भाजी घेताना मोठ्या रुबाबात घासाघीस करतो. रोख पैसे मोजून घ्यावयाची वस्तू असूनही जिचे गिऱ्हाईक शंभराहून अधिक वर्षे अर्जदारच राहिले, अशी आपल्या देशातील ठळक वस्तू म्हणजे दूरध्वनी. हे असे का घडले, आणि पुढे वाटा मोकळ्या झाल्यावरही जुने दुकान सुधारण्याऐवजी ओस का पडले, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. तक्रारींची जंत्री देण्याचा आमचा हेतू नाही. ती प्रत्येक घरात तयार आहे.

आरंभ कायद्यापासून केलेला बरा. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या चौथ्या कलमाने तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला, आणि दूरध्वनी हा तारायंत्राचाच एक प्रकार मानला गेला. सरकारला वाटल्यास ते दुसऱ्यास परवाना देऊ शके. मुंबईत प्रत्यक्षात दूरध्वनी त्याआधीच आला होता. १८८१ साली ओरिएंटल टेलिफोन कंपनी या इंग्रजी कंपनीला परवाना मिळाला व १८८२ साली कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे एक्स्चेंजे सुरू झाली. मुंबईचा कारभार पुढे साठ वर्षे खाजगी कंपनीकडेच होता; १९४३ साली सरकारने तो विकत घेतला. म्हणजे मक्तेदारी ही सरकारीकरणातून जन्मली, हा समज बरोबर नाही. मालक इंग्रज भागधारक असोत की दिल्लीचे खाते असो, शहरात तार ओढणारा एकच होता. आमच्या मते खरा प्रश्न मालकीचा नसून दुसऱ्या दाराचा आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सबंध देशात दूरध्वनियंत्रे होती सुमारे ऐंशी हजार. १९८० साली सत्तर कोटींच्या आसपास लोकसंख्येला ती पंचवीस लाखांहून कमी होती, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या शहरांत. हा काळ प्रतीक्षायादीचा. अर्ज केल्यापासून यंत्र घरी येईपर्यंत सात-आठ वर्षे लागणे ही मोठ्या शहरांत नवलाची गोष्ट राहिली नव्हती. यादीलाही पोटयाद्या होत्या. डॉक्टर, पत्रकार अशांची वेगळी. मोठी रक्कम एकदम आगाऊ भरणाऱ्यांसाठी 'ओन युअर टेलिफोन' ही वेगळी. शिवाय खासदारांच्या शिफारशीचा एक वाटा निराळाच. वडील वारल्यावर त्यांच्या नावावरचा दूरध्वनी आपल्या नावावर करून घेणे हे घराच्या सात-बाऱ्याइतकेच महत्त्वाचे काम होऊन बसले होते. त्या वेळचे दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी, दूरध्वनी ही चैन आहे, हक्क नव्हे, आणि ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी यंत्र परत करावे, अशा आशयाचे उत्तर संसदेत दिल्याचे सांगितले जाते. यंत्र परत करा म्हणणे त्यांना सोपे होते. परत केलेले यंत्र घेण्यासाठी यादीत लाखो माणसे उभी होती!

आता ज्यांना यंत्र मिळाले त्यांची कथा पाहू. वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेले यंत्र उचलावे तर स्वर येत नाही, स्वर आला तर नंबर लागत नाही, लागला तर भलत्याच माणसाचे बोलणे कानी पडते. याचे खापर आपण खात्यातील माणसांच्या आळसावर फोडून मोकळे होतो. आळस असेलही, परंतु दुर्दशेचे खरे कारण त्याहून खोल आहे व ते समजून घेण्यासारखे आहे.

दहा हजार ग्राहकांच्या एक्स्चेंजात दहा हजार माणसांनी एकाच क्षणी बोलावे अशी सोय कधीच केलेली नसते. ती परवडणारी नाही, आणि तिची गरजही नसते. शंभर बिऱ्हाडांच्या चाळीला शंभर नळ लागत नाहीत, दहा पुरतात; कारण सगळी बिऱ्हाडे एकाच वेळी पाण्यावर येत नाहीत. किती बिऱ्हाडांना किती नळ पुरतील, म्हणजे नळ रिकामा न सापडण्याची शक्यता किती राहील, हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने मांडले आणि १९१७ साली त्याचे प्रसिद्ध सूत्र जगापुढे आले. जगातील एक्स्चेंजे पुढे याच गणितावर बांधली गेली.

या गणितात एक गोष्ट आधी धरावी लागते, ती म्हणजे एक ग्राहक दिवसातून किती वेळ यंत्र वापरतो. पाश्चात्य देशांत घराघरांत यंत्र होते, म्हणून एका यंत्रावर बोलणारी माणसे मोजकी. आपल्याकडे एक यंत्र म्हणजे अख्ख्या मजल्याचे, कधी अख्ख्या चाळीचे यंत्र. लग्नपत्रिकेवर आणि व्यवसायाच्या कार्डावर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे 'पी. पी.' लिहिण्याची पद्धत अनेक वाचकांना आठवत असेल. शेजाऱ्याच्या पोराने तीन जिने चढून हाक मारावी, आणि तोपर्यंत पलीकडच्या माणसाने ट्रंक कॉलची मिनिटे मोजीत थांबावे! दुकानांतील व पेढ्यांतील यंत्रे तर सकाळपासून गरम. म्हणजे शंभर बिऱ्हाडे असा हिशेब धरून दहा नळ बसविले, आणि प्रत्येक खोलीत प्रत्यक्ष पाच बिऱ्हाडे राहू लागली, तशातली ही गत.

याच स्थितीत १९६४ साली बेल्जियममधील एका कंपनीशी करार होऊन 'पेंटाकोंटा' नावाची क्रॉसबार पद्धतीची यंत्रसामग्री बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होऊ लागली. जुन्या पद्धतीत प्रत्येक कॉल आपापल्या पायऱ्या चढून जात असे. एकाची पायरी अडली तर दुसऱ्याचे फारसे बिघडत नसे. क्रॉसबार पद्धतीत वाट शोधून देणारी थोडी यंत्रे सर्वांना सामाईक असतात. ती अडली की सगळेच खोळंबतात. तिकडच्या शांत ग्राहकांसाठी आखलेल्या या यंत्रांवर आपल्याकडील गर्दी कोसळली. त्यातून मनुष्यस्वभावाने भर घातली. नंबर लागला नाही की माणूस यंत्र खाली ठेवून स्वस्थ बसत नाही. तो पुन्हा फिरवतो, पुन्हा फिरवतो, स्वर येण्याआधीच फिरवतो, घोडा खडखडवतो. असा प्रत्येक निष्फळ प्रयत्न ती सामाईक यंत्रे काही सेकंद अडवून ठेवतोच. म्हणजे सेवा वाईट म्हणून माणसे अधिक वेळा प्रयत्न करीत, आणि माणसे अधिक वेळा प्रयत्न करीत म्हणून सेवा आणखी वाईट होई. पुढे आपल्याच अभियंत्यांनी त्या यंत्रांत भारतीय परिस्थितीला मानवतील असे फेरफार केले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पण मूळ दुखणे यंत्राचे नव्हतेच. टंचाईने सेवा बिघडविली होती, आणि टंचाई दूर करणे कोणाच्याच निकडीचे नव्हते. योजनांच्या आखणीत दूरध्वनी ही सुखवस्तूंची वस्तू गणली गेली. यंत्रे करणारा कारखाना जवळजवळ एकच. परकीय चलनाची चणचण कायमची. शिवाय एक्स्चेंजात जागा झाली तरी तेथून घरापर्यंत तारेची जोडी हवी. मुंबईसारख्या शहरात ती रस्त्याखालून जाते, कागदाचे वेष्टण असलेल्या तारा जुन्या झाल्या की त्यांत पावसाचे पाणी शिरते, आणि एकाच पावसात गल्लीच्या गल्ली मुकी होते. १९८ नंबरवर तक्रार नोंदवावी म्हटले तर त्यासाठी पुन्हा एखादा चालू दूरध्वनी शोधणे आले.

बिलाची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. विजेचा मीटर आपल्या दारात असतो. आकडा फिरताना आपण पाहू शकतो, फार तर त्याच्याशी भांडू शकतो. दूरध्वनीचा मीटर एक्स्चेंजात असे. ओळीने हजारो मीटर, आणि ठरावीक दिवसांनी त्यांची छायाचित्रे घेऊन आकडे उतरवून घेण्याची रीत. ग्राहकाला तो मीटर दिसत नसे, त्याची नोंद त्याच्यापाशी नसे. एस. टी. डी. सुरू झाल्यावर (पहिली लखनौ-कानपूर मार्गावर १९६० साली) कॉलचे ठिकाण, वेळ व मिनिटे यांचा तपशीलही बिलातून नाहीसा झाला. राहिला तो एकच एकत्रित आकडा. विकणारा तोच, मोजणारा तोच, मापही त्याच्याच कोठीत. एवढ्यावर कायद्याने कळस चढविला. तार कायद्याच्या नवव्या कलमान्वये निरोप घेण्यात, पाठविण्यात वा पोचविण्यात कर्मचाऱ्याने कसूर केल्यामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी सरकारवर नव्हती. मागाहून घातलेल्या ७-ब कलमाप्रमाणे यंत्र, तार वा बिल यांविषयी तंटा झाल्यास तो केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जावयाचा आणि त्याचा निर्णय अखेरचा. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला तेव्हा लोकांना वाटले की आता दाद लागेल. अनेकांना लागलीही. पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, ७-ब कलम असताना दूरध्वनीच्या बिलाचे तंटे ग्राहक मंचापुढे चालणार नाहीत, असा निर्णय दिला, आणि तेरा वर्षे ते दार जवळजवळ बंद झाले.

'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण आपण ऐकत आलो आहोत. अडलेल्या हरीच्या संतापाचे काय होते, हे मात्र म्हणीत सांगितलेले नाही. तो संताप अगदी निष्फळ गेला असे आम्हाला वाटत नाही. वृत्तपत्रांतील पत्रे, सभागृहांतील प्रश्न, ग्राहक संघटनांचे खटले यांचा रेटा हळूहळू साचत गेला. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली व १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे तिने घडविलेले, वातानुकूलनावाचून चालणारे छोटे ग्रामीण एक्स्चेंज सुरू झाले. त्याच वर्षी १ एप्रिलला मुंबई व दिल्ली या दोन शहरांचा कारभार खात्यातून काढून महानगर टेलिफोन निगम या कंपनीकडे देण्यात आला. लोकांकडून रोखे घेऊन भांडवल उभारता यावे, हा त्यातील एक हेतू. या कंपनीने पहिल्या दहा-बारा वर्षांत बरेच काम केले, हे न्यायाने म्हटले पाहिजे. अंकीय एक्स्चेंजे आली, पिवळ्या फलकांचे एस. टी. डी. बूथ गल्लोगल्ली दिसू लागले, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील प्रतीक्षायादी जवळजवळ संपली. देशाचे चित्र इतके चांगले नव्हते. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने देशात सुमारे ऐंशी लाख जोडण्या व पंचवीस लाखांची प्रतीक्षायादी असल्याचे नमूद केले, आणि १९९७ पर्यंत मागेल त्याला दूरध्वनी देण्याचे वचन दिले. १९९७ साल आले आणि गेले, यादी राहिली.

मग १९९५ साली भ्रमणध्वनी आला, तोही खाजगी कंपन्यांच्या हातून. आरंभी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, आणि येणाऱ्या कॉललाही आकार. त्यामुळे तो श्रीमंतांचा खेळ ठरला. महानगर निगम या क्षेत्रात उतरली ती २००१ साली, म्हणजे सहा वर्षांनी. २००४ साली देशातील भ्रमणध्वनींनी तारेच्या दूरध्वनींना संख्येने मागे टाकले. महानगर निगमच्या वाट्याला एक चमत्कारिक अडचण आली होती. तिचे कार्यक्षेत्र दोन शहरांपुरते, आणि विकावयाची वस्तू तर ग्राहकाच्या खिशात बसून गावोगाव हिंडणारी! मुंबईकर माणूस कल्याण-डोंबिवलीला राहावयास जातो, सुट्टीत कोकणात जातो, कामाला पुण्याला जातो. त्याला शहराच्या वेशीवर थांबणारी सेवा कशी पुरावी? बाहेरही हातपाय पसरून पाहिले गेले. नेपाळात इतर सरकारी कंपन्यांच्या भागीदारीत काढलेला व्यवसाय स्पर्धेत टिकला नाही.

खरा घाव बसला तो २०१० साली. तिसऱ्या पिढीच्या सेवेचा, म्हणजे थ्री-जीचा, आरंभ दिल्लीत २००८ च्या डिसेंबरात महानगर निगमनेच सर्वांच्या आधी केला होता. ध्वनिलहरींचा पट्टा तिला लिलावावाचून आधी मिळाला होता. पण किंमत मात्र पुढे लिलावात ठरेल ती द्यावयाची होती. लिलावात खाजगी कंपन्यांनी दिल्ली व मुंबईसाठीच सर्वांत चढ्या बोली केल्या. त्यामुळे थ्री-जीसाठी ६,५६४ कोटी आणि ब्रॉडबँडच्या पट्ट्यासाठी सुमारे ४,५३४ कोटी, मिळून ११ हजार कोटींहून अधिक रक्कम कंपनीला भरावी लागली. साठविलेली पुंजी गेली आणि वर कर्ज झाले. ब्रॉडबँडचा पट्टा पुढे परत देऊन त्याचे पैसे सरकारकडून मिळाले, पण मधल्या व्याजाने घर पोखरले होते. बोली आपण लावावयाची नाही, घ्यावयाचे की नाही हे ठरवावयाचे नाही, आणि किंमत मात्र चुकवावयाची, असा हा व्यापार! मालक सरकार आणि विकणाराही सरकार, त्यामुळे नाही म्हणण्याची सोय या कंपनीलाही नव्हती. अडलेल्या गिऱ्हाईकाची अवस्था या वेळी खुद्द मक्तेदाराच्या वाट्याला आली.

पैसे संपले की आधी डागडुजी थांबते. जुन्या तारा बदलल्या गेल्या नाहीत, मनोरे वाढले नाहीत, उत्पन्नाचा फार मोठा भाग पगारात जाऊ लागला. २०१९ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने या कंपनीसाठी व भारत संचार निगमसाठी पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी महानगर निगमचे चौदा हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. कोणत्या गल्लीत कोणती तार कोठे सांधलेली आहे हे नकाशावाचून सांगणारे जुने लाइनमनही त्यांत होते. पुढे २०२४ साली रोख्यांचे व्याज भरण्यास पैसे नाहीत, असे कंपनीने शेअर बाजाराला कळविले. कर्ज तोवर तीस हजार कोटींच्या वर गेले होते.

या सर्व काळात ग्राहक काय करीत होता? येथे अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली मांडलेला एक विचार फार उपयोगी पडतो. बिघडलेल्या संस्थेपुढे माणूस दोनच गोष्टी करू शकतो, असे त्यांचे म्हणणे. एक तर तो निघून जातो, किंवा थांबून ओरडतो. आपण समजतो की स्पर्धक आला म्हणजे आळशी मक्तेदार जागा होईल. हिर्शमन यांनी नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण देऊन उलट दाखविले. मालमोटारी आल्यावर ज्यांना वेळेची किंमत होती, जे अधिकाऱ्यांना धारेवर धरीत, तेच व्यापारी आधी रेल्वे सोडून गेले. आणि उरलेल्यांच्या मुकाट्यावर रेल्वे खुशाल ढासळत राहिली. तोटा भरून काढावयास सरकार होतेच.

मुंबईच्या दूरध्वनीचे नेमके हेच झाले, असे आम्हाला वाटते. वृत्तपत्राला पत्र लिहिणारा वकील, महिन्याला दोन खेटे घालणारा व्यापारी, बिलाची एकेक ओळ तपासणारा निवृत्त हेडमास्तर, यांच्या संतापाने जी कंपनी थोडीबहुत सरळ चालत होती, त्यांतील वकील आणि व्यापारी प्रथम खाजगी भ्रमणध्वनीकडे गेले. २०११ च्या जानेवारीत नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि जाण्याची उरलीसुरली अडचणही संपली. मागे राहिले वृद्ध. ज्यांचा नंबर चाळीस वर्षे नातेवाइकांना पाठ आहे आणि जे लाइनमनला चहा पाजून निभावून नेतात. तक्रारींची संख्या घटली. ती वाचून एखाद्या कचेरीत सेवा सुधारल्याची नोंदही झाली असेल!

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आहे. २०१६ च्या सप्टेंबरात रिलायन्स जिओ बाजारात आली, दर कोसळले, आणि डझनभर कंपन्यांच्या जागी काही वर्षांतच तीन मोठ्या खाजगी कंपन्या व एक सरकारी कंपनी एवढेच उरले. २०२४ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात या तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकामागोमाग एक दर वाढविले. दारे अजून आहेत, पण ती एकाच ओसरीवर उघडू लागली आहेत. अशा वेळी जाण्यापेक्षा ओरडण्याचा मार्ग किती मोकळा आहे हे पाहणे अगत्याचे ठरते. १९९७ साली स्थापन झालेले दूरसंचार नियामक प्राधिकरण नियम करते, पण एकेका ग्राहकाचा तंटा स्वतः सोडवीत नाही. त्याच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे ग्राहकाने प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावयाचे, तेथे समाधान न झाल्यास अपील अधिकाऱ्याकडे. आणि हा अपील अधिकारीही कंपनीनेच नेमलेला. मीटर जसा पूर्वी विकणाऱ्याच्या कोठीत होता, तसा आता न्यायाधीश त्याच्या कोठीत आहे.

तथापि एक दार खरोखरीच उघडले आहे, आणि ते पुष्कळांना माहीत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख केला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, तार कायद्यातील ७-ब कलमामुळे ग्राहक आयोगाचा अधिकार संपत नाही, असा निर्णय दिला. दाद कोठे मागावी ही निवड ग्राहकाची. १८८५ चा तार कायदा बाजूस सारणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हा हक्क राखून ठेवला आहे. तेव्हा तक्रार करताना तिचा क्रमांक मागून घ्यावा, तो व तारीख वहीत उतरवून ठेवावी, अपील लेखी करावे व त्याची पोच जपावी. त्यास कंपनी शुल्क आकारू शकत नाही. तेवढ्याने भागले नाही, तर हेच कागद घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि तेथे वकील दिलाच पाहिजे असे बंधन नाही.